कपाटावरची उतरंड

लातूरला जाऊन आले असं सांगितलं की पुण्यात एकच प्रश्न येतो, "कुणाची ॲडमिशन?" कुणाचीही नाही. माझी मुलगी चित्रकला शिकते आणि तिच्या मार्कांचा विषय आमच्या घरात कुणी काढत नाही. मी गेले होते ऑफिसच्या कामाला, पर्समध्ये एक पत्र घेऊन. ते पत्र मी दिलं असतं तर नऊ माणसांची नोकरी गेली असती.

थोडं मागचं सांगते. आमची पुण्याची कंपनी डेन्मार्कच्या एका दूधवाल्या कंपनीसाठी सॉफ्टवेअर करते. डेन्मार्कहून काम पुण्याला येतं, आणि पुण्याची माणसं महाग पडतात म्हणून पुण्याहून ते लातूर-नांदेडला जातं. लातूरला सातजण प्रोग्रॅम लिहितात, नांदेडला दोघं ते तपासतात, आणि मी पुण्यात बसून सगळ्यांवर ओरडते. माझ्या हुद्द्याचं नाव बरंच लांब आहे, पण काम एवढंच.

डेन्मार्कच्या टोकाला हेन्रिक नावाचे गृहस्थ. वय साठीच्या आसपास, राहणार कुठल्याशा खेड्यात, काम घरूनच. रोज दुपारी दीडला, म्हणजे त्याच्या सकाळी नऊला, त्याचा आणि लातूर-नांदेडचा व्हिडिओ कॉल व्हायचा. मी पहिली पाच मिनिटं तोंड दाखवायची आणि दुसऱ्या मीटिंगला पळायची. एक दिवस हेन्रिकचं पत्र आलं. "ही माणसं बोलता बोलता उठून जातात. वाक्य अर्धं सोडून. वीस-वीस मिनिटं मी रिकाम्या खुर्च्या बघत बसतो. मग परत येतात आणि उलट मलाच विचारतात, हेन्रिक, तू ठीक आहेस ना? ही चेष्टा मी आणखी सहन करणार नाही."

मी लातूरला फोन लावला. "हाव मॅडम, जरा बाहेर गेलतो."

"सातच्या सात?"

"हाव."

आता बोला! यावर पुढे काय विचारायचं? आमचे साहेब म्हणाले, "मंजिरी, तुम्ही स्वतः जा. गुरुवारचा कॉल तासभर नीट झाला, कुणी उठलं नाही, तर ठीक. नाही तर हे पत्र द्या आणि या." पत्रात काम पुण्याला हलवत असल्याचं अत्यंत सभ्य भाषेत लिहिलं होतं. मीच लिहिलं होतं.

नांदेड, सोमवार

नांदेडला आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीत. इक्बालभाई आणि रुबीना ही आमची तिथली दोन माणसं. इक्बालभाईंच्या घरात तीन पिढ्या घड्याळदुरुस्ती. त्यामुळे प्रोग्रॅममधली चूकही ते डोळा बारीक करून, भिंग लावल्यासारखी शोधतात. रुबीना त्यांची पुतणी, सव्वीस वर्षांची, बोलायला फटकळ. त्या दिवशी हेन्रिक रजेवर, त्यामुळे कॉल नव्हता, आणि मी पोचले तेव्हा माझ्यासाठी घरून खिचडी-खट्टा आला होता. पिवळीधमक मसुराची खिचडी आणि त्यावर चिंच-तिळाचा आंबट पातळ खट्टा. आमच्याकडे खिचडी म्हणजे आजाऱ्याचं जेवण. इथे तिच्यासाठी निरोगी माणसंही भांडतील. मी तीनदा वाढून घेतली आणि मग चौकशीला सुरुवात केली, त्यामुळे आवाजात हवी तेवढी जरब आली नाही.

"इक्बालभाई, तुम्ही कॉलमधून का उठता?"

"मॅडम, आपण तर एकदम सीधे लोक. ते लातूरवाले लई अवघड हायेत. काय सांगू तुम्हाला, मी सांगून सांगून..."

एवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. "पडली? हाव, हाव," असं म्हणून इक्बालभाई उठले, रुबीना उठली, दोघांनी चपला घातल्या आणि जिना उतरून गेली. वाक्य अर्धं सोडून! मी हातात चमचा धरून रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिले. हेन्रिकला काय वाटत असेल ते मला तेव्हा बरोबर कळलं.

खिडकीतून पाहिलं तर दोघं रस्त्याच्या पलीकडे मोकळ्या जागेत उभी. मी वरून ओरडले, "काय झालं?"

"लातूरला भांडी पडली!" रुबीना खालून ओरडली.

लातूर तिथून तीन तासांवर. मी परत ओरडले, "मग तुम्ही का उतरलात?"

"गिनती चालूय!"

"मी येऊ का खाली?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इक्बालभाई म्हणाले, "न्हाई न्हाई, तुमचं न्हाई. तुम्ही खावा निवांत."

दोघं वर आल्यावर कळलं ते असं. लातूरच्या ऑफिसात कपाटावर भांड्यांची उतरंड रचलेली असते. ती पडली की सगळ्यांनी इमारतीबाहेर जायचं आणि मोजणी करायची. मोजणी पुरी झाल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. मोजणीत नांदेडचे दोघंही धरलेले. हे उतरले नाहीत तर लातूरचे सात तिकडे उन्हात उभे.

"मग खोटं सांगायचं ना, उतरलो म्हणून!" मी म्हणाले. पुण्याचं डोकं, दुसरं काय.

इक्बालभाईंनी कानाला हात लावला. "लातूरच्या अण्णाला? तौबा! तुम्ही एकदा लातूरला जावा मॅडम. मग कळंल तुम्हाला, किती अवघड हायेत."

लातूर, मंगळवार

लातूरच्या रस्त्यांवर मुलांचेच चेहरे. पोरं सायकलींवर आणि पोरं बोर्डांवर. प्रत्येक चौकात क्लासची पाटी, पाटीवर पहिले आलेल्यांचे फोटो, फोटोखाली टक्के. गंजगोलाईत रिक्षावाल्याने मला विचारलं, "मेडिकल का इंजिनिअरिंग?" माझं वय अठ्ठेचाळीस आहे. मी म्हटलं, "सॉफ्टवेअर." तो म्हणाला, "मग उशीर केलात."

आमचं ऑफिस पहिल्या मजल्यावर, आणि डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, एक क्लास. कपाट दिसलं. हिरवं, लोखंडी, एक पाय आखूड, जरा धक्का लागला की डुगडुगणारं. त्यावर तांब्या, तांब्यावर वाटी, वाटीवर उपडा पेला, असं करत करत पाच पेले. एखाद्या पूजेला मांडावी तशी निगुतीने रचलेली उतरंड. ऑफिसातले सगळे तिशीच्या आतले, अदबीचे. त्यांनी मला धपाटे, दही आणि शेंगाची चटणी खायला घातली, आणि मी जे विचारीन त्याला एकच उत्तर दिलं, "ते अण्णाला माहीत."

अण्णा म्हणजे व्यंकट, त्यांचा टीम लीडर आणि सातांतला सातवा. वय त्रेचाळीस, म्हणून सगळ्यांचा अण्णा. तो दोन दिवस रजा टाकून किल्लारीला शेतावर गेला होता.

"अण्णा कसे आहेत?" मी सहज विचारलं.

"देवमाणूस," एकजण म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "पण किल्लारीवाले लई अवघड."

मी मनात हिशेब मांडला. डेन्मार्कला पुणेवाले अवघड, पुण्याला नांदेडवाले अवघड, नांदेडला लातूरवाले, लातूरला किल्लारीवाले. किल्लारीला पोचून विचारायचंच होतं, आता तुमचं अवघड कोण.

पावणेदोनला वरती घंटा झाली आणि काय सांगू! दोनशे पोरं एकदम जिन्यावरून सुटली. छत धडधडलं, कपाट डुगडुगलं, आणि खण्‌खण्‌खण् करत उतरंड खाली आली. हेन्रिक पडद्यावर काहीतरी समजावून सांगत होता, त्याच्या तोंडावर सहाही खुर्च्या रिकाम्या झाल्या. मीही धावले, पण हातात धपाटं होतं आणि चपला सापडेनात, म्हणून पुन्हा मागेच राहिले.

"अरे, हे रोज होतं?" मी नंतर विचारलं.

"रोज. पावणेदोनला बॅच सुटतीय ना."

"मग कॉल दीडला कशाला ठेवता?"

सहाहीजणांनी माझ्याकडेच पाहिलं. एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, वेळ तुम्हीच ठेवली. आम्ही दोनदा मेल टाकलतो. तुम्ही लिहिलं, 'वेळ बदलणार नाही.' आम्हाला वाटलं, आमची काही चूक झालीय."

दीडची वेळ मी ठेवली होती कारण तोवर माझं जेवण आटोपतं. बाकी काहीही कारण नव्हतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझे बॉस नाही. तिथल्या तिथे गुरुवारचा कॉल अडीचला हलवला, हेन्रिकला कळवलं आणि स्वतःवर भलतीच खूश झाले. पण अण्णाला भेटायचं होतंच. उतरंड खाली उतरवा, एवढं त्याने एकदा म्हटलं की काम फत्ते.

किल्लारी, बुधवार

जीपमध्ये माझ्या शेजारी एक आजी होत्या आणि आजींच्या मांडीवर कोंबडी. उतरताना कोंबडीने माझ्या ओढणीवर जे करायचं ते केलं. आजी म्हणाल्या, "शुभ असतंय." मी विश्वास ठेवला, दुसरा इलाजही नव्हता.

नवं किल्लारी म्हणजे सरळ, रुंद रस्ते आणि एकासारखी एक घरं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर वसवलेलं. व्यंकट मला घ्यायला आला होता. उंच, मिशाळ, बोलणं हळू. शेतात आगटी पेटवलेली, तिच्यात ज्वारीची कणसं भाजत होती. तळहातावर चोळून गरम हुरडा त्याने माझ्या ओंजळीत दिला. पुण्यात आम्ही हुरडा पार्टीला तिकीट काढून जातो, तिथे खाटेवर बसून फोटो काढतो आणि येताना वाटेत पोटभर जेवतो. इथे मी बोलायचं विसरून तासभर खात होते.

मग तोंड पुसून विषय काढला. "व्यंकट, ती उतरंड काढा. रोज पोरांच्या पायांनी पडते. तुम्हालाही माहितीय की भूकंप नाही. उद्याचा कॉल बिघडला तर ऑफिस बंद होईल. पत्र माझ्या पर्समध्ये आहे."

तो घाबरला. आगटीतला निखारा उगाच काठीने सारत राहिला. "पोरांची लग्नं ठरायलीत मॅडम," म्हणाला. "दोघांनी घराचं काम काढलंय."

"मग काढा ना ती भांडी!"

तो उठला आणि म्हणाला, "चला, दाखवतो." जुनं गाव होतं तिथे घेऊन गेला. आता तिथे दगड आहेत आणि बाभळी. एका ढिगाऱ्यापाशी उभं राहून त्याने सांगितलं, "हे आमचं घर. त्या वर्षी हादरे येतच होते मॅडम. भांडी वाजायची. पहिल्यांदा सगळं गाव बाहेर पळालं. दुसऱ्यांदा अर्धं. मग सवय झाली. त्या पहाटे भांडी वाजली तवा मी ओसरीवर झोपलेलो. बाबा आतून म्हणाले, 'नेहमीचंच हाय, झोप.' तेवढंच ऐकलं मी."

ओसरी कुठे असेल ते मी दगडांत शोधायला लागले.

"मग मोजायला लागलो. कोण हाय, कोण न्हाई. आकडा जुळंना. गावात विसर्जनाला पाहुणे आलते, ते कुणाच्या मोजणीतच नव्हते. त्यांना लई उशिरा शोधलं." त्याने चपलेने एक खडा बाजूला सारला. "म्हणून कशानं पडली ते मी विचारतच न्हाई. आधी बाहेर. आणि लांबचं माणूस आधी मोजायचं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते ओढणीने पुसलं. नेमकं कोंबडीच्या बाजूने. व्यंकट बिचारा तोंड फिरवून हसला, मग मीही हसले, आणि उतरंड काढा हे वाक्य मी पुन्हा काही उच्चारलं नाही. कॉल अडीचला हलवलाय, पोरांची बॅच मध्ये येणार नाही, सगळं सुरळीत होईल, असं त्याला सांगितलं. "मग तर काही प्रश्नच न्हाई," तो म्हणाला.

लातूर, गुरुवार

अडीचला कॉल सुरू झाला. हेन्रिक वेळेवर, चेहरा आंबट. पावणेतीन, तीन, सव्वातीन. कुणी जागचं हललं नाही. व्यंकट बोलत होता, नांदेडहून रुबीना मध्ये मध्ये त्याच्या चुका काढत होती, हेन्रिक मान डोलवत होता. वर क्लास शांत. मी घड्याळाकडे बघत होते. आणखी पंधरा मिनिटं आणि नऊ नोकऱ्या वाचल्या.

तेवढ्यात हेन्रिक म्हणाला, "मंजिरी, छान. अखेर तू या लोकांना एका जागी बसायला शिकवलंस."

माझं डोकंच सणकलं. शिकवलं? मी? यांना? पण गिऱ्हाइकाला उलट बोलता येत नाही. मी तरातरा उठले. कपाटात पाण्याची बाटली ठेवली होती, ती घेतली आणि कपाटाचं दार लावलं. आता माझ्या हाताला दार हळू लावता येत नाही, हे आमच्या सगळ्या सोसायटीला ठाऊक आहे. धाड्‌दिशी आवाज झाला. कपाट आखूड पायावर कललं. तांब्या, वाटी, पाचही पेले, सगळं माझ्या पायाशी.

सहाजण व्यंकटकडे बघत होते आणि व्यंकट माझ्या पर्सकडे.

"मी पाडली!" मी ओरडले. "माझ्या हातून पडली! सगळ्यांनी पाहिलंय! बसा खाली!"

व्यंकटचा चेहरा पांढरा पडला होता. तो उठला, पडद्याला हात जोडले आणि म्हणाला, "मॅडम, चला बाहेर."

आणि मी गेले. दुसरं काय करणार होते? दगडांसमोर उभं राहून आलेलं माणूस तिथे बसून राहणार नाही. बाहेर मोकळ्या जागेत ओळ लागली. व्यंकटने नांदेडला फोन लावला. "इक्बालभाई? उतरलात? रुबीना? हाव. एक, दोन." मग आपले मोजले. "नऊ."

"चला आत, पटकन!" मी म्हणाले.

"थांबा मॅडम. दहावा हेन्रिक. त्याला आत जाऊन विचारावं लागतं. त्याचा नंबर न्हाई आमच्याकडं."

हेन्रिक, तू ठीक आहेस ना! अरे देवा. ती चेष्टा नव्हती. लांबचं माणूस आधी मोजायचं असतं, पण नंबर नाही, म्हणून त्याला शेवटी विचारत होते.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मला चक्क राग आला. "दहावा हेन्रिक? आणि मी? तीन वर्षं मी तुमची मॅनेजर आहे!"

व्यंकट ओशाळला. "एकदा केलता मॅडम तुम्हाला फोन. सुरुवातीला. तुम्ही म्हणालात, मेल टाका."

हेन्रिकचा नंबर माझ्याकडे होता, तो लावला. तिकडून गुरगुरणं. मी म्हटलं, "हेन्रिक, एक शब्द बोलू नकोस. घराबाहेर जा."

"काय?"

"बाहेर जा. अंगणात. आत्ता."

"बर्फ आहे!"

"हेन्रिक, नऊ माणसं उन्हात उभी आहेत, तू बाहेर गेल्याशिवाय ती आत जाणार नाहीत. कारण मी मागाहून सांगते. जा."

दार उघडल्याचा आवाज आला. कुत्रं भुंकलं. डॅनिश भाषेत एक शब्द ऐकू आला, तो शिवीच असावा. मग दमलेल्या आवाजात, "मंजिरी, मी मोज्यांवर बर्फात उभा आहे."

मी फोन स्पीकरवर टाकला. व्यंकट म्हणाला, "दहा." मग माझ्याकडे वळून, जरा लाजत, "अकरा. चला आत."

आत जाण्याआधी मी जिन्यात बसून हेन्रिकला सगळं सांगितलं. आगटी, दगड, पाहुणे, पावणेदोनची बॅच, माझं जेवण. सगळं. तिकडे नुसतं मोजे झटकल्याचं ऐकू आलं. मला वाटलं, गेलं. मग म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं ते मला मोजत होते?"

"हो."

"मी कितवा?"

"दहावा."

"आणि तू?"

"अकरावी. आजपासून."

हेन्रिक एवढा हसला की त्याचं कुत्रं पुन्हा भुंकायला लागलं. तो खेड्यात एकटाच राहतो, हे मला तीन वर्षांत पहिल्यांदा त्या दिवशी कळलं. "माझ्या घराला आग लागली तरी आमच्या हेड ऑफिसला पुढच्या महिन्यात कळेल," तो म्हणाला. "काम तिथेच राहू दे. पण माझा नंबर त्यांना दे. बूट तरी घालता येतील."

निघताना व्यंकट वाकून कपाटाच्या आखूड पायाखाली हात घालत होता. "जाड कागद हाय का मॅडम एखादा? टेकू द्यायला." मी पर्समधून पत्र काढलं, चार घड्या घातल्या आणि दिलं. अगदी मापात बसलं. आता कपाट डुगडुगत नाही.

पुणे

सोमवारी साहेबांपुढे प्रवासाचा अहवाल वाचत होते. पाचवा मजला, बंद काचा, बारा माणसं टेबलाभोवती. मी लातूरच्या कामाची स्तुती करत होते आणि माझा मोबाइल थरथरला. लातूर. मी उचलला.

"पडली मॅडम," व्यंकट म्हणाला. "कशानं, माहीत न्हाई. बाहेर या."

मी कागद खाली ठेवले आणि पायांनी टेबलाखाली चपला शोधायला लागले. साहेब म्हणाले, "काय झालं?"

"लातूरला भांडी पडली."

"नेहमीचंच असेल हो. बसा."

मी वाक्य अर्धं सोडून उठले. लिफ्ट नको म्हणून पाच मजले जिन्याने उतरले, फाटकाबाहेर गुलमोहराखाली जाऊन उभी राहिले, आणि धापा टाकत म्हणाले, "आले व्यंकट. मोज."